निळं जाकीट ओळखणाऱ्या साळुंक्या

माझ्या नवऱ्याला पुण्यात झुरळसुद्धा मारता यायचं नाही. मी चप्पल घेऊन स्वयंपाकघरभर धावायचे आणि हा पाय वर घेऊन खुर्चीवर बसून म्हणायचा, "जाऊ दे ना, जाईल ते आपोआप." असा माणूस ऑकलंडला येऊन दर शनिवारी एअर रायफल घेऊन साळुंक्या मारायला जायला लागला. हे मी कुणाला सांगितलं असतं तरी कुणाला पटलं नसतं. सांगितलं नाहीच. त्याने मला बजावून ठेवलं होतं, आईला कळता कामा नये.

त्याची कंपनी दूध थंड करायच्या टाक्या बसवायची. त्या कामासाठी तो शहराबाहेर, अल्बनीच्या पुढे एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या फार्मवर गेला आणि तिथलाच होऊन बसला. त्या शेतकऱ्याच्या वासरांच्या शेडमध्ये साळुंक्यांनी उच्छाद मांडला होता. वासरांचं खाद्य खायच्या, उरलेल्यात घाण करायच्या, आणि ते खाऊन वासरं आजारी पडायची. शेतकऱ्याची नजर अधू झाली होती, नेम लागत नव्हता. नवऱ्याची नजर उत्तम होती आणि शनिवार रिकामा होता.

"अरे, देशबांधव आहेत तुझे," मी म्हणायचे. साळुंक्या इथल्या नाहीतच, कुणीतरी कधीतरी बोटीतून आणून सोडलेल्या.

"व्हिसाशिवाय आल्यात," तो म्हणायचा.

मी दोन-चारदा त्याच्याबरोबर गेले होते. गवताच्या गठ्ठ्यांमागे तो तासन्‌तास बसायचा. पक्ष्याच्या मागे पत्रा असेल तर छर्रा उलटून वासराला लागेल म्हणून रायफल खाली करायचा. नेमाची खात्री नसेल तर मारायचाच नाही, नुसतं जखमी करून सोडणं त्याला सहन व्हायचं नाही. मेलेली साळुंकी हाताने उचलून कुंपणाच्या झाडांखाली पुरायचा. घरी आला की आधी अंघोळ, मग चहा, आणि मग बराच वेळ कुणाशी बोलायचा नाही. "सुतक पाळतोयस का?" असं मी एकदा हसत विचारलं होतं. आता ते आठवलं की जीभ चावावीशी वाटते.

साळुंकी भारी हुशार. शेतकरी त्याच्या चार चाकांच्या क्वाडबाइकवरून अगदी जवळून गेला तरी त्या ढिम्म हलायच्या नाहीत, पण नवरा गेटपाशी दिसला की सगळा फार्म ओरडायला लागायचा. एकीने पाहिलं की दहाजणींना कळायचं. त्याने गाडी बदलून पाहिली, टोपी बदलून पाहिली. निळं जाकीट मात्र बदललं नाही, कारण सेलमध्ये घेतलेली चांगली वस्तू टाकणं आमच्या घराण्यात बसत नाही. "काय सांगू तुला," तो एकदा कौतुकाने म्हणाला, "एवढी वर्षं राहतोय इथे, पण अख्ख्या न्यूझीलंडमध्ये मला लांबून बघून ओळखणारं दुसरं कुणी नाही."

जूनमध्ये तो गेला. ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत, खुर्चीत बसल्या बसल्या. डबा अर्धा खाल्लेला होता. ऑफिसातल्यांनी तो डबा मला परत दिला तेव्हा मी तो घासून पालथा घातला आणि मग खाली बसले.

आम्हाला मूल नाही. सासूबाई पुण्यात, गुडघ्यांनी अडकलेल्या. दहाव्याचं मीच करायचं ठरलं. गुरुजी सकाळी घरी येऊन सगळं सांगून, करवून गेले. जाताना माझ्या हातात दर्भाचा एक कावळा ठेवला. म्हणाले, "इकडे कावळे नाहीत. कुठलाही पक्षी शिवला तरी चालेल. नाहीच शिवला तर हा शिवायचा, शास्त्रात सोय आहे."

सासूबाईंना सोय नको होती. "माझ्या मुलाला गवताचा कावळा नको," त्या व्हिडिओवर म्हणाल्या. "खरा पक्षी शिवल्याशिवाय मी पाण्याला तोंड लावणार नाही." त्यांना मधुमेह आहे. त्या बोलल्या म्हणजे करणार, हेही मला ठाऊक होतं. मुलगा गेल्यापासून त्या जगायचं की नाही हेच जणू ठरवत होत्या, आणि त्या निर्णयाचा भार त्यांनी एका पक्ष्यावर टाकला होता.

आमचं घर म्हणजे भिंतीला भिंत लावून बांधलेल्या रांगेतलं. पक्षी तिथे अभावानेच येतात. मग मी डोकं चालवलं. ज्या ठिकाणी पक्षी हटवता हटत नाहीत, तिथेच पिंड ठेवू! मोठी शहाणी मी. गार वारा होता म्हणून दारामागे लटकलेलं त्याचं निळं जाकीट अंगात घातलं आणि निघाले. खरं सांगायचं तर थंडी हे निमित्त होतं. दहा दिवस मी ते घालूनच होते, सकाळी विधीपुरतं तेवढं काढलं होतं. त्याला गवताचा आणि रायफलच्या तेलाचा वास होता, आणि बाह्या माझ्या बोटांच्याही पुढे यायच्या.

फार्मचं गेट उघडलं तेव्हा शेडच्या छपरावर साळुंक्या ओळीने बसल्या होत्या. मला पाहताच एक कर्कश ओरडली आणि सगळ्या उठल्या. दूर, कुंपणाच्या झाडांच्या शेंड्यांवर जाऊन बसल्या आणि मग एकदम गप्प झाल्या.

ओढ्याकाठी केळीच्या पानावर पिंड ठेवला. कुंपणाच्या खांबाला फोन टेकवला. पुण्यात अजून उजाडलं नव्हतं. सासूबाई अंधाऱ्या खोलीत पदर घेऊन बसल्या होत्या, फोनचा उजेड तेवढा तोंडावर.

आम्ही थांबलो. भाताला वारा लागून तो वरून कोरडा पडत चालला. झाडांवर हालचाल नाही.

"त्याला काहीतरी सांग," सासूबाई म्हणाल्या. "जीव अडकलाय त्याचा."

मी हात जोडून म्हटलं, "आईंना मी बघेन." काही नाही. "दर महिन्याला पैसे पाठवेन, दर वर्षी येईन." काही नाही. "मी नीट जेवेन." तेही चाललं नाही. मग सासूबाई स्वतः बोलायला लागल्या. लहानपणी त्याला एकदा उगीच मारलं होतं ते. परदेशी जाऊ नको म्हणून अबोला धरला होता ते. मी फोनकडे पाठ करून उभी राहिले, कारण ते ऐकवत नव्हतं. आणि मला तर कारण माहीत होतं. अडकलेली इच्छा वगैरे काही नव्हतं. ज्याच्या पिंडाला शिवायचं, त्यानेच यांच्या पिढ्याच्या पिढ्या झाडाखाली पुरल्या होत्या.

"तिथे पक्षी आहेत ना गं?" त्यांनी विचारलं.

"आहेत, आई. खूप आहेत. त्याला ओळखतात सगळे."

"ओळखतात? दाणे घालायचा का तो?"

"दर शनिवारी यायचा," मी म्हटलं.

"मग येतील," त्या म्हणाल्या. पहिल्यांदाच त्यांचा आवाज थोडा स्थिर झाला.

शेतकरी इतका वेळ शेडच्या दारात टोपी हातात घेऊन उभा होता. तो हळूहळू माझ्याजवळ आला. आमचे विधी त्याला कळत नव्हते, पण पक्षी कळत होते. झाडांकडे बोट दाखवून तो हलक्या आवाजात म्हणाला, "जाकीट काढ. त्यांना वाटतंय, तोच आलाय."

मी वळून पाहिलं. शेंड्यांवरच्या त्या सगळ्या साळुंक्या माझ्याकडेच बघत होत्या. दहा दिवस मला भेटणारा प्रत्येक माणूस 'तो गेला' म्हणत होता, आणि इथे एवढे डोळे म्हणत होते की तो आलाय, तिथे उभा आहे.

मला ते जाकीट काढायचं नव्हतं. सासूबाई दिवसभर उपाशी राहिल्या तरी चालेल, असंही एक क्षण मनात आलं. मग फोनवर त्यांच्या सुकलेल्या ओठांकडे लक्ष गेलं आणि मी चेन खाली ओढली. जाकीट घडी करून गाडीच्या डिकीत ठेवलं, झाकण लावलं. परत येऊन नुसत्या स्वेटरवर उभी राहिले. थंडीने दात वाजत होते.

फार वेळ लागला नाही. आधी एक आली, मग तिच्यामागून दुसरी. पहिली पानाभोवती चालत फिरली, पिवळी चोच तिरकी करून माझ्याकडे बघितलं, आणि पिंडाचा कोपरा उचलून नेला.

"शिवला गं, शिवला!" सासूबाई म्हणाल्या. मग त्या रडल्या, आणि मग पाणी प्यायल्या. गटागटा पिताना मी बघितलं. मला मात्र सुटल्यासारखं अजिबात वाटलं नाही. मीच त्याला डिकीत कोंडून आले होते.

सासूबाई आता पुण्यात सगळ्यांना सांगतात की त्यांचा मुलगा तिकडे पाखरांना दाणे घालायचा, म्हणून पाखरं धावत आली. मी दुरुस्त करत नाही. रायफल शेतकऱ्याकडे दिली. जाकीट ठेवलं.

अधूनमधून शनिवारी मी ते घालून फार्मवर जाते. शेतकऱ्याला सांगते, सहज आले. गाडीचं दार लावायच्या आत एक ओरडते, आणि सगळं छप्पर रिकामं होतं. मी तिथे उभी राहून ते ऐकते. घरी येणारं कुणी आता त्याचं नाव काढत नाही. विचारपूस करणारेसुद्धा जपून दुसरं काहीतरी बोलतात. इथे अजून त्याच्या नावाने गलका होतो.

परवा जानेवारीत गेले, तेव्हाही झाला. सगळ्या उडाल्या, पण छपराच्या टोकाला एक राहिली. यंदाचंच, तो गेल्यावर जन्मलेलं पिल्लू असावं, डोक्यावरची पिसं अजून मळकट, शेपूट आखूड. मी पुढे गेले, बाह्या हलवल्या. ते मान वाकडी करून बघत बसलं. ओळख ना देख.

मी खाली वाकून मातीचं ढेकूळ उचललं आणि होता नव्हता तेवढा जोर लावून त्याच्यावर फेकलं.