फुटायच्या आधीची जमीन

चायनीजच्या गाडीवरून व्हिनेगरचा वास आला की माझं अजूनही डोकं फिरतं. अंबरनाथच्या आमच्या शाळेत विज्ञान प्रदर्शनात दरवर्षी कुणीतरी सोडा-व्हिनेगरचा ज्वालामुखी करायचंच, आणि मला तो करायचा नव्हता. बाबांनी आनंदनगरच्या कंपनीतून आरपार दिसणारी प्लास्टिकची जुनी पेटी आणली. तिच्या तळाशी फुगा ठेवून वर मी मैद्याचे आणि रांगोळीचे थर दाबून बसवले. नळीने हवा भरली की जमीन हळूहळू फुगायची, माथ्यावर दोन भेगा पडायच्या आणि त्यांच्या मधली पट्टी खाली खचायची. शिलारस लाव्हा होऊन बाहेर येण्याआधी खालून वर घुसताना जमिनीचं काय करतो, एवढंच मला दाखवायचं होतं. विज्ञानाच्या बाई म्हणाल्या, "अगं, पण हा फुटतो कुठे?" मी म्हटलं, "बाई, हे फुटायच्या आधीचंच आहे." तेवढ्यात पाहुणे आले, तशी बाईंनी मला कोपराने बाजूला सारलं, शेजारच्या टेबलावरचा खायचा सोडा उचलून माथ्यावर टाकला आणि वरून लाल रंगाचं व्हिनेगर ओतलं. माझे थर, भेगा, पट्टी, सगळ्याचा फेसाळ चिखल झाला आणि पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. पहिलं बक्षीस मलाच मिळालं. त्याचा फोटो आईने बदलापूरच्या घरात टीव्हीच्या वर लावलाय. त्यात बाई हसतायत, पाहुणे हसतायत आणि मी बाईंकडे बघतेय. परवा तो पुसताना आई म्हणाली, "त्या बाई गेल्या म्हणे. आता तरी सोड." मी फोटोतल्या मुलीकडे बघितलं. ती सोडणार नाही, आणि मीही तिला सोडायला सांगणार नाही.