पाचाचा दाता, पावणेसहाचा सत्कार

हवालदार आप्पासोंचं घर आणि माझं घर यांच्यामध्ये एकच भिंत आहे, आणि तीही अर्धीच. पैसे संपले म्हणून माझ्या वडिलांनी ती तशीच सोडली, आणि पुढं करमणूक होते म्हणून मी ती पुरी केली नाही. त्यामुळं आप्पासोंविषयी मी जे सांगतो ते ऐकीव असलं तरी दुसऱ्याकडून ऐकलेलं नाही.

आप्पासो मिलिटरीत होते, पण बंदुकीवर नव्हते. बँडात मोठा ढोल वाजवायचे. वीस वर्षं ढोल पोटावर बांधून चालल्यामुळं पेन्शनीत आल्यावरही ते मागं रेलूनच चालत. पलूसच्या बाजारात नवखी माणसं त्यांना कुणीतरी मोठा साहेब समजून वाट सोडत. आम्ही कुणाचाच गैरसमज दूर केला नाही.

चौऱ्याहत्तर साल होतं. दुष्काळ सरून बागायतीला पुन्हा पाणी आलं होतं, उसानं शिवार भरलं होतं आणि माणसं पुन्हा एकमेकांशी भांडण्याइतकी सुखी झाली होती. अशात सांगलीच्या एका मंडळानं मुलांच्या नाटकांची स्पर्धा जाहीर केली. आप्पासोंनी ती बातमी पेपरात वाचली आणि पेपर घडी घालून खिशात ठेवला. तो पेपर माझा होता.

दुसऱ्या दिवसापासून शाळेच्या व्हरांड्यात सतरा पोरं गोळा झाली. नाटक ऐतिहासिक, लिहिणारे आप्पासोच. आप्पासोंना तालीम म्हणजे परेड एवढंच ठाऊक.

"राजा, एक कदम आगे! सावधान! आता रड!"

राजा रडायचा.

"रोना बंद! पीछे मुड!"

राजाचं काम होतं विजयमालेकडं. बारा वर्षांची, काटकुळी, आवाज मात्र ओढ्याच्या पलीकडं जाणारा. तो तिला आई बनुबाईकडून मिळाला होता. बनुबाईनं शिवी दिली की तिसऱ्या गल्लीतला माणूस आपलं काय चुकलं ते आठवू लागे. लेकीला नाटकात सोडताना तिनं आप्पासोंना अर्ध्या वाडीदेखत बजावलं होतं, "चार म्हैनं देते. सांगलीला जाऊन पोरगी उभी ऱ्हायली तर फुडं बगू. न्हाई गेली, तर दुसऱ्या दिशी साळा बी बंद आन नाटक बी बंद. खुरपं घिऊन माज्यासंगं भांगलायला. मंग मला तोंड दावू नगा."

आप्पासोंनी तिला चक्क सलाम ठोकला. बायकोलाही ते इतके घाबरत नसत.

नाटक बसलं, पण कपड्यांचं काय? सांगलीत नाटकाचे कपडे भाड्यानं देणारा एक दुकानदार होता. त्याला ड्रेपरीवाला म्हणत. मुकुट, सात अंगरखे, तलवारी आणि नऊ दाढ्या यांचे त्यानं सत्तर रुपये सांगितले, तेही आगाऊ. "दाढ्या परत येत नाहीत, असा अनुभव आहे," म्हणाला.

मग वर्गणी काढायचं ठरलं. आप्पासो पहिल्यांदा लालासाहेबांच्या दारी गेले. वाडीतला सगळ्यात मोठा ऊस लालासाहेबांचा, ट्रॅक्टर त्यांचा, पोटही त्यांचंच मोठं. त्यांनी विचारलं, "देतो की. पर सत्कार हाय न्हवं?"

यात त्यांचं काही चुकलं नाही. आमच्याकडं देवळाच्या पायरीला एक फरशी दिली तरी कर्ण्यावरून नाव पुकारतात आणि टॉवेल, टोपी, नारळ देतात. गुपचूप दान देणारा माणूस आमच्याकडं संशयास्पद समजतात. आप्पासोंनी मान डोलावली. लालासाहेबांनी पाच रुपये काढले. त्यांनी पाच दिले म्हटल्यावर दुसरा सहा कशाला देईल? वाडीतले एकतीस जण पाच-पाचाचे दाते झाले. त्यांत मीही होतो. उगीच लपवायचं कशाला?

आणि इथं आप्पासोंच्यातला मिलिटरीवाला जागा झाला. लालासाहेबांना चांगला टॉवेल आणि बाकीच्यांना पंचा, असलं काही त्यांना पटेना. "किट सगळ्यांला एकसारखं. जनरल असूंदे न्हाईतर भाकऱ्या भाजणारा लांगरी, पाच म्हंजी पाच." त्यांनी पलूसला जाऊन एकतीस टॉवेल, एकतीस टोप्या आणि एकतीस नारळ आणले. टॉवेल तीन रुपयांचा, टोपी दीडाची, नारळ सव्वाचा. पाच रुपये देणारा दाता वाडीला पावणेसहाला पडला.

हे पहिल्यांदा लक्षात आलं ते त्यांच्या बायकोच्या, शालूबाईंच्या. मी भिंतीअलीकडं दात घासत होतो.

"आवं, बँडात ढोलाबरूबर हिशेब शिकवत न्हवते का? एकतीस माणसं दिऊन गेली आन पेटीत कायच न्हाई, वर कर्ण्यावाला दारात बसलाय!"

"पुरवठा खात्यात व्हतंय आसं कवा कवा," आप्पासो बारीक आवाजात म्हणाले.

सत्कार मात्र दणक्यात झाला. सायंकाळी देवळासमोर मंडप. आधी सत्कार, मग पोरांनी नाटकातला एक प्रवेश दाखवायचा असं ठरलेलं. पण पहिला नारळ लालासाहेबांना दिला म्हणून नानासो रुसून उठले. नानासो म्हणजे माजी सरपंच. निवडणूक हरून तीन वर्षं झाली तरी खिशातलं शाईचं पॅड त्यांनी काढलं नव्हतं. त्यांना परत आणून त्यांचा सत्कार पहिला झाला असं कर्ण्यावरून जाहीर करावं लागलं. मग लालासाहेब रुसले. दोघांचे दोनदा सत्कार झाले; त्यासाठी जादाचे दोन जोड वाडीतल्या दुकानातून उधार आणावे लागले. प्रत्येक दात्यानं दोन शब्द बोलायचे म्हणून दोनशे-दोनशे बोलले. माझेही झाले दीडशेच्या आसपास. शेवटचा नारळ दिला तेव्हा व्यासपीठाच्या कडेला राजा, प्रधान आणि सगळं सैन्य एकमेकांच्या अंगावर पडून घोरत होतं. प्रवेश राहिलाच.

ड्रेपरीवाला उधारी करीना. स्पर्धेला आठ दिवस राहिले. आप्पासोंनी पोरांना व्हरांड्यात रांगेत उभं केलं आणि विश्राम म्हणाले. मी सहज तिथं होतो. आता मी सहजच सगळीकडं असतो, त्याला इलाज नाही.

"कापडं न्हाईत," ते म्हणाले. "चूक माजी हाय. राजाला परकरावर कसं उभा करू?"

विजयमाला तेवढी बोलली. "माजं खुरपं आईनं काल धार लावून आनलंय."

आप्पासो खाली बघायला लागले. मागं रेलणारा तो माणूस मी पहिल्यांदाच पुढं वाकलेला बघितला.

तेवढ्यात विजयमालेनं दप्तर पोलक्याच्या आत पोटाशी कोंबलं, अंगठे कमरेला लावले आणि लालासाहेबांच्या आवाजात म्हणाली, "बंधू-भगिनींनो, मला बोलायची सवय न्हाई, म्हनून मी फकस्त तासभर बोलतो!"

सगळी पोरं फुटली. प्रधान झालेल्या ज्ञानूनं लगेच नरसाळं तोंडाला लावून कर्णा केला. एकानं नानासोंचं रुसणं काढलं, एकानं माझं भाषण. त्यात बरंच अतिशयोक्त होतं, पण ते असो.

"हवालदारकाका," विजयमाला म्हणाली, "ह्या नाटकाची कापडं तर घरोघर खुटीला हाईत."

आठ दिवसांत पोरांनी आपलं आपणच नाटक बांधलं. आप्पासो फक्त शिट्टी वाजवत. गोष्ट सरळ होती. गावात पोरांचं नाटक असतं, आधी दात्यांचा सत्कार असतो, तो काही केल्या संपत नाही आणि नाटक करायला आलेली पोरं तिथंच झोपी जातात. आप्पासोंनी एकच बदल केला. अब्रूच्या भीतीनं शेवटच्या दिवशी त्यांनी खरी नावं काढून दुसरी घातली. दात्यांनी विचारलं तर "सामाजिक हाय" एवढंच सांगायचे.

दाते मात्र सगळे निघाले. पैसे दिलेले होते ना! लालासाहेबांनी ट्रॅक्टरला ट्रॉली जोडली, खाली उसाचं पाचट टाकलं, वर आम्ही. पोरांनी बापांकडं टॉवेल-टोप्या मागितल्या तेव्हा कुणी का म्हणून विचारलंही नाही. लालासाहेब आणि नानासोंकडं सत्काराचे दोन-दोन जोड. एक पोरांना दिला, एक स्वतः घालून दोघं सांगलीच्या नाट्यगृहात पहिल्या रांगेत बसले. त्यांच्यामागं मी. बनुबाई बायकांच्या बाजूला, विड्याची चंची उघडी ठेवून.

पडदा वर गेला. टोप्या पोरांच्या नाकापर्यंत आलेल्या, कोळशाच्या मिशा, पोटांना उशा. सांगलीचं पब्लिक नाटकातलं पक्कं. ते दुसऱ्याच वाक्याला हसलं. आमचे दातेही हसत होते, आणि कुठल्यातरी दुसऱ्याच गावाला हसतोय अशा मोकळेपणानं हसत होते. विजयमाला पोट पुढं काढून बसली होती आणि ज्ञानू कर्ण्यावर होता.

ज्ञानूनं सात दिवस एक नाव घोकलेलं आणि एक दिवस दुसरं. त्याच्या तोंडून व्हायचं ते झालं. तो ओरडला, "आता आपले थोर दाते, मान्नीय लालासाहेब यांचा सत्कार! त्यांनी व्यासपीठावर यावं!"

आणि लालासाहेब उठले.

त्यांचा दोष नाही. पंचवीस वर्षं कर्ण्यानं नाव घेतलं की त्यांचे पाय आपोआप चालतात. त्यांनी टोपी नीट केली, मागं वळून आम्हाला नमस्कार केला, बाजूच्या पायऱ्या चढले आणि थेट विजयमालेच्या समोर जाऊन उभे राहिले. ज्ञानूचा कर्णा खाली पडला. विंगेत आप्पासोंनी डोळे मिटून घेतले.

विजयमाला मात्र जागची हलली नाही. पोटावर हात फिरवून त्यांच्याच आवाजात म्हणाली, "या, या! आपन कोन?"

"मी लालासाहेब."

"मंग मी कोन?"

"तू? तू बनुबाईची पोर!"

"आवं, पोट बगा, पोट! बनुबाईच्या घरात असलं पोट कवा निपजलंय?"

नाट्यगृह कोसळायचं तेवढं बाकी राहिलं. तेवढ्यात नानासो पहिल्या रांगेतून गरजले, "पयला मान माजा ठरलाय!" आणि तेही वर चढले. मी त्यांचा सदरा धरला होता. तो फाटला.

मग त्या पोरीनं जे केलं ते एखाद्या कलेक्टरलाही जमलं नसतं. तिनं दोन खुर्च्या ओढल्या, दोघांना एकाच वेळी बसवलं, ज्ञानूकडून दोन नारळ घेऊन एकाच वेळी दोघांच्या हातात दिले आणि म्हणाली, "दोन शब्द बोलू नगा. पोरं निजल्याती." मागं झोपेचं सोंग घेतलेलं सगळं सैन्य हसून गदगदत होतं. लालासाहेब आणि नानासो नारळ मांडीवर घेऊन पडदा पडेपर्यंत गपगार बसले. इतका वेळ त्यांना गप्प बसलेलं आम्ही कुणी कधी पाहिलं नव्हतं.

बक्षीस मिळालं नाही. परीक्षक म्हणाले, नाटक उत्तम, पण मुलांच्या नाटकात प्रौढ नट घेणं नियमात बसत नाही. प्रौढ नट त्या वेळी बाहेर सांगलीकरांच्या गराड्यात उभे होते. लोक त्यांचे हात हातात घेऊन म्हणत होते, "काय नैसर्गिक काम केलंत हो!"

ट्रॉली वाडीकडं निघाली. आप्पासो पाचटात तोंड खुपसून बसलेले. त्यांना वाटत होतं, आता दाते वर्गणी परत मागणार, आणि विजयमालेच्या हाती खुरपं तर निश्चितच येणार. पोरगी आईजवळ बसली होती. बनुबाई मात्र वाटभर सुपारी कातरत राहिली.

सकाळी मी भिंतीशी हजर. नानासो आप्पासोंच्या अंगणात आले.

"हवालदार, एक सांगायचंय. काल त्या लालासाहेबाचं काम लय मोटं व्हतं, माजं बारीक. त्येला उशी, मला उशी न्हाई. फुडल्या साली माजी नक्कल त्येच्याहून मोटी पायजे. किती घेशील?"

आप्पासोंनी बोटं मोजायला घेतली. तेवढ्यात विजयमाला आली आणि आपणच म्हणाली, "धा रुपय. टावेल न्हाई, टोपी न्हाई, नारळ न्हाई."

नानासोंनी मोजून दहा दिले. तासाभरात लालासाहेबांनी हे ऐकलं आणि पंधरा पाठवले. दुपारपर्यंत नऊ माणसं आपापली नक्कल लावून गेली. एकाची अट, तोतरं बोललेलं चालेल पण मिशी हवी. माझीही फुकटात बसवत असाल तर बघा, असं मी सुचवलं, ते कुणी ऐकलं नाही.

संध्याकाळी बनुबाई आली. डोक्यावर शाळू जोंधळ्याची पायली, हातात खुरपं. आप्पासो उभे राहिले, विजयमाला त्यांच्यामागं गेली. बनुबाईनं पायली शालूबाईंच्या ओसरीवर ठेवली.

"ही माजी वर्गणी."

"बनुबाई, म्हंजी पोरगी..."

"पोरगी येईल रोज. पर एक सांगते, हवालदार." तिनं खुरपं आप्पासोंच्या नाकासमोर धरलं आणि आवाज इतका खाली आणला की मला भिंतीवर चढावं लागलं. "माजी नक्कल काडायची न्हाई. लागलं तर आनिक एक पायली घ्या."

आप्पासोंनी विजयमालेकडं बघितलं. पोरगी विचारात पडली होती.

"दोन पायल्या," ती म्हणाली.