युसूफचाचांची जपानी जोडी

युसूफचाचा गेल्याचा फोन त्यांच्या सलीमने केला, तेव्हा मी बाजारात भेंडी निवडत होतो. "अब्बा गेले, बापूभाऊ," एवढंच म्हणाला. मी उगाच एकेका भेंडीचं टोक मोडत उभा राहिलो... त्याला आता दीड महिना झाला.

चाचा आमच्या अमडापूरचे सुतार. वखर, तिफण, बैलगाडीचं जू आणि मठासाठी खडावा करण्यात त्यांची हयात गेली. लोखंडी अवजारं आली तसे हात रिकामे झाले, डोकं मात्र नाही. जपानात नोकरीला असलेल्या माझ्या भाच्याने मला तिकडच्या जुन्या पद्धतीच्या लाकडी चपला पाठवल्या. गेता म्हणतात त्यांना. पायाखाली फळी, फळीखाली दोन आडवे दात, वर कापडी पट्टा. ऐटीत घालून अंगणात चार पावलं टाकली आणि तुळशीपुढे साष्टांग पडलो. बायको म्हणाली, "रोज घालत जा. तेवढाच नमस्कार घडेल."

दोष माझ्या चालीत असणं शक्यच नव्हतं. निरखून पाहिलं, तर पट्टा ओवायचं अंगठ्याजवळचं भोक दोन्हींत बरोब्बर मधोमध. डावी-उजवी असा फरकच नाही! मी जोडी घेऊन चाचांकडे गेलो आणि दुकानदाराने भाच्याला फसवल्याचं जाहीर केलं. चाचांनी चप्पल उलटीसुलटी करून दात चाचपले. "काम तं साफ आहे बे. असा मानूस भोक चुकंल काऊन?"

"चाचा, खडावेची खुंटी कधी मधोमध असते का? पाडा नवीन."

त्यांनी दोनदा विचारलं. मी दोनदा हो म्हणालो. त्यांनी एका चपलेत जरा बाजूला नवं भोक पाडलं.

त्याच संध्याकाळी भाच्याने फोनवर सांगितलं की गेतेला डावं-उजवं नसतंच. अदलून बदलून घालायची, म्हणजे एकाच बाजूने झिजत नाही. मी हे सांगितल्यावर चाचांनी चप्पल मागून घेतली आणि त्या भोकावर अंगठा फिरवला. "कोन्या कारागिराच्या कामावर मी गिरमिट चालवलं..." दोष माझा, पण ते ‘मी’ म्हणाले. मला बोलले असते तर बरं झालं असतं.

भोक त्यांनी असं बुजवलं, की सांधा नखालाच लागावा. पण समाधान नव्हतं. "बुजवलं म्हंजे माफी झाली नाही. तशी जोडी घडवता आली, तं खरं." त्यासाठी त्यांना पार मुळापासून सगळं हवं होतं. ते विचारायचे, मी भाच्याला विचारायचो. फार पूर्वी भातशेतीच्या गाळात रुतू नये म्हणून लोक पायाखाली फळ्या बांधत, हे कळल्यावर चाचा खूश. "म्हंजे किसानाचीच निघाली!" वाटसरू पेंढ्याच्या वहाणा घालत, झिजल्या की टाकून देत, आणि घोड्यांच्या खुरांनाही पेंढ्याच्याच बांधत, हे मात्र पटेना. "घोड्याले चप्पल? भाचा तुले बनवून राह्यला बे." फोटो दाखवला तेव्हा तो डोळ्यांजवळ धरून पाहिला. मग म्हणाले, "आपन बैलाले नाल ठोकतोच ना. त्याईले आपलं नवल वाटत असंल."

लाकूड हलकं लागतं म्हणून त्यांनी शिवणीचा तुकडा मिळवला. पहिल्या दोन जोड्या चुलीत घातल्या. तिसरीबद्दल विचारलं, की "अजून नाही" म्हणत. शेवटच्या भेटीतही तेच. "घडवली तं हाय. पन जमली का नाही, ते पाय सांगतीन." मला वाटलं, म्हातारा टाळतोय.

परवा सलीमने ती जोडी आणून दिली. चाचा उजवा पाय ओढत चालत. त्यांच्या साध्या चपलेची उजवी टाच वर्ष काढायची नाही. मी जोडी उलटी केली. चारही दात चांगले झिजलेले, पण सगळे अगदी सारखे. बोट फिरवून पाहिलं, पुन्हा पाहिलं...

"पाहाटे मस्जिदीले हेच घालून जायचे," सलीम म्हणाला. "आन् झोपायच्या आधी डावी उजवीकडं, उजवी डावीकडं करून दाराशी ठेवायचे. गेले त्या दिवशीही ठेवली होती."