दोन शिंगांचा बैल

पोरगं तिसरीत गेलं आणि आमच्या घरातली खेळणी एकाएकी पोरकी झाली. त्याला आता सायकलचं जुनं टायर आणि ते पळवायला एक काठी, एवढंच लागे. बायको म्हणाली, "बंबात घालते. तेवढंच पाणी तापेल."

मी म्हटलं, थांब. दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. आखाडा बाळापूरच्या आमच्या कालव्याच्या ऑफिसात येता-जाता काटकसरीवर भाषणं होत आणि त्यांतलं एखादं माझ्या अंगाला चिकटलं असावं. म्हटलं, या खेळण्यांना आपण चांगली घरं शोधून देऊ, आणि ती सगळी एका पोत्यात भरली.

पहिलं घर शेजारच्या मास्तरांचं. मास्तरीणबाईंनी पोत्यातली बाहुली दोन बोटांत धरून वर काढली. "हिचं डोकं कुठंय?"

"सापडेल की घरात."

"मग सापडलं की आणा," त्या म्हणाल्या आणि दार लोटून घेतलं.

दुसरं घर कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराचं. त्याला पत्र्याची मोटार पसंत पडली, पण ती कापून तेल ओतायचं नरसाळं करण्यासाठी. पोराची मोटार नरसाळं व्हावी हे माझ्यातल्या बापाला सोसेना. मी पोतं उचलून परत आलो. बायको बंबाशेजारी उभीच होती.

तेव्हा मला तो आठवला, आणि आपल्याला हे आधीच कसं सुचलं नाही, म्हणून मी स्वतःवर खूश झालो.

तो आमच्या ऑफिसातला ट्रेसर. माझ्या टेबलाला टेबल लावून बसे. कालव्याचे नकाशे तो मेणकापडावर असे उतरवी की साहेबालासुद्धा मूळ कोणतं आणि नक्कल कोणती ते विचारावं लागे. मी आवक-जावक कारकून, म्हणून तो मला जावकराव म्हणायचा. "तुमच्या तोंडाला आवक न्हाईच जावकराव, नुसती जावक चालू हाय," असं चारचौघांत सांगायचा. गावाच्या कडेच्या बौद्ध वस्तीत त्याचं घर होतं. दुपारी आम्ही डबे एकत्र उघडायचो. त्याच्या डब्यातली ज्वारीची भाकरी आणि ठेचा मी चवीनं खाई, आणि घरी त्याबद्दल चकार शब्द काढत नसे.

इथं मला सहा वर्षं मागं गेलं पाहिजे. जायची इच्छा नाही, पण त्याशिवाय पुढचं समजायचं नाही.

माझा मुलगा दोन वर्षांचा झाला तेव्हा या माणसानं त्याच्यासाठी सागवानी बैल केला होता. स्वतःच्या हातानं. खाली चार चाकं, पाठीवर वशिंड, गळ्यात घुंगरू, आणि शिंगं अशी बाकदार की हात फिरवावासा वाटे. लग्नाला आठ वर्षं होऊन त्याला मूल नव्हतं. बैल माझ्या हातात देताना तो म्हणाला, "आमच्या घरी तर कोनी वढायला न्हाई. तुमच्याकडं तरी पळू द्या त्याला."

मी बैल घरी नेला. आईनं विचारलं, कुणाकडून आला. मी सांगितलं. आईनं त्यावर गोमूत्र शिंपडलं आणि बैल माळ्यावर ठेवून दिला. "लेकरू तोंडात घालतंय सगळं," म्हणाली. मी भांडलो नाही. भांडलो असतो तर त्या रात्रीचा स्वयंपाक थंड झाला असता, याहून जास्त नुकसान नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात त्यानं विचारलं, "काय म्हणतो आमचा बैल?"

तिथं मी गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. पण तोंडाला नुसती जावक! म्हटलं, "अहो, पोरगं त्याला घेऊनच झोपलं." त्याचा चेहरा असा उजळला की मला पुढं बोलावंच लागलं. मग रोज चहाच्या वेळी मी बैलाची एकेक हकिकत रचू लागलो. पोरानं आज बैलाला कडबा घातला. आज त्याला हौदावर पाणी पाजलं. आज बैल जेवल्याशिवाय मी जेवणार नाही म्हणून बसला. तो नकाशावरचा हात थांबवून ऐकत राही. एक दिवस दुसरं काही सुचेना, तेव्हा मी बैलाचं एक शिंगच मोडून टाकलं.

"आणा की मग," तो म्हणाला. "बसवून देतो. अर्ध्या घंट्याचं काम हाय."

"राहू द्या. एका शिंगाचाच आवडतो त्याला."

हे ऐकून तो खो खो हसला, मीही हसलो. पुढं हकिकती थांबल्या आणि बैल मी विसरलो. माळ्यावर तो होताच.

तर आता त्या ट्रेसरला, लग्नानंतर बारा-तेरा वर्षांनी, मुलगा झाला होता. दीड वर्षाचा होता तो तेव्हा. बारशाला त्यानं मला बोलावलं होतं आणि मी पोट दुखण्याचं निमित्त केलं होतं. इतक्या वर्षांत मी त्याच्या घरी एकदाही गेलो नव्हतो. त्या रविवारी सकाळी पहिल्यांदा निघालो, ते सायकलच्या कॅरिअरला जुनं पोतं बांधून. बायकोनं माळा झाडून ते आणखी फुगवलं होतं. मी आत पाहिलं नाही. फक्त तोंड बांधलं.

मला दारात बघून तो उठूनच उभा राहिला. "अगं, जावकराव आले! चहा ठेव." बाजेवर त्याचे वडील बसले होते. मुलगा अंगणात दुडुदुडु चालत होता. मी भाषण ठोकल्यासारखं सांगितलं की आमच्या पोराला आता ही खेळणी लहान झाली, म्हटलं चांगल्या घरी पडावीत.

म्हाताऱ्यानं पोत्याकडं पाहिलं. "उतरन हाय व्हय?" एवढंच विचारलं.

"असू द्या बाबा, मित्रानं आणलंय," तो म्हणाला आणि पोतं सोडलं. बिनडोक्याची बाहुली निघाली. मोटार निघाली. मग तळातून, जुन्या फडक्यात गुंडाळलेला, बैल निघाला.

त्यानं तो उन्हात धरला. आधी चाकांवरून बोट फिरवलं. चाकं करवतीतून काढल्यासारखी कोरी होती. मग शिंगावरून अंगठा फिरवला. एका, आणि मग दुसऱ्या.

"शिंग बसवून घेतलं काय जावकराव?"

देवानं मला त्या क्षणी मुका करायला हवं होतं. मी म्हटलं, "हो, हो. सुताराकडून बसवून घेतलं मागंच."

"चांगला सुतार हाय," तो हळूच म्हणाला. "जोड दिसूनच न्हाई राहिला."

आतून चहा आला. मी तो घेतला, आणि तोंड भाजेपर्यंत भराभर प्यालो. तोवर त्यानं बैलाला दोरी बांधून मुलाच्या हातात दिली होती. बाकीची खेळणी एकेक करून पोत्यात भरली, तोंड बांधलं आणि पोतं स्वतः उचलून माझ्या कॅरिअरवर ठेवलं.

"हा आमचाच हाय, तो ठेवून घेतो," म्हणाला. "बाकीचं तुमचं तुमी न्या, भाऊसाहेब."

ऑफिसातले सगळेच कारकुनांना भाऊसाहेब म्हणतात. त्यानं कधी म्हटलं नव्हतं.

पोतं बंबातच गेलं. आईला बोल लावावासा वाटला, पण तो लावून मी स्वतःलाच सोडवून घेतलं असतं. माळ्यावरून तो बैल उतरवायला सहा वर्षांत मला कुणी हात धरून अडवलं नव्हतं.

आमचं बोलणं बंद पडलं नाही. पडलं असतं तर बरं होतं. "भाऊसाहेब, ही फाईल. भाऊसाहेब, चहा घ्या." डबा मात्र तो घरी जाऊन खाऊ लागला. म्हणे, मुलगा वाट पाहतो.

चार-सहा महिन्यांनी वारंगा फाट्याकडून येताना मी मुद्दाम त्या वस्तीच्या रस्त्यानं आलो. मुलगा आता धावत होता, आणि मागं बैल. चाकं चिखलानं बरबटलेली, घुंगरू गेलेलं, आणि एक शिंग मुळापासून मोडलेलं. मला वेड्यासारखा आनंद झाला. जणू माझीच एखादी थाप उशिरा का होईना, खरी झाली होती. ऑफिसात पोहोचताच मी त्याच्या टेबलावर वाकलो.

"बैलाचं शिंग मोडलेलं दिसतंय! आणा, सुताराकडून बसवून घेऊ."

त्यानं नकाशावरून पेन उचललं नाही.

"राहू द्या भाऊसाहेब," तो म्हणाला. "एका शिंगाचाच आवडतो त्याला."