दीडपट

आरोग्य केंद्रात आहारतज्ज्ञ बाईंची जागा लशींच्या फ्रिजमागे होती. वजनकाटा, दोन खुर्च्या आणि भिंतीवर एक हसरं सफरचंद. पेशंटला आठ मिनिटं. त्यातली दोन चपला काढण्यात आणि "हे कपड्यांचं वजन आहे" हे ऐकून घेण्यात जायची.

बारा वर्षांत बाई एक गोष्ट पक्की शिकल्या होत्या. "काल काय खाल्लंत?" याचं खरं उत्तर कुणी देत नाही. एक बिस्किट म्हणजे अर्धा पुडा, 'भात नावाला' म्हणजे ताटभर. त्या रागवत नसत. रागावलं की पेशंट पुन्हा फिरकत नाही. मुकाट्याने वहीत दीडपट लिहीत.

त्या वर्षी वरून फर्मान आलं: पेशंटमागे सरासरी तीन किलो उतरले नाहीत, तर आहारतज्ज्ञाचं पद बंद. तीस पेशंटांची सरासरी पावणेतीनला अडून बसली होती.

अशात इस्त्रीवाल्या मावशी आल्या. वजन चौऱ्याण्णव, तक्रार पाठीची. डॉक्टरांनी पाठीला हात न लावता चिठ्ठी दिली होती: वजन कमी करा.

चार महिन्यांत अकरा किलो उतरले. सरासरी तीनवर गेली. मावशींचा फोटो सफरचंदाशेजारी लागला.

"मावशी, केलंत तरी काय?"

"काय करणार? खाते तेवढंच खाते. चहात दोन चमचे साखर, दुपारी ताटभर भात. सून विचारते, सासूबाई, कुणाच्या प्रेमात पडलात की काय!"

बाई पोटभर हसल्या. खाणं लपवणारे शेकड्याने पाहिले होते, कष्ट लपवणारी ही पहिलीच. त्या दिवशी वहीत त्यांनी मावशींचं जेवण निम्मं करून लिहिलं.

"आणि पाठ?"

"जरा जास्तच दुखते."

"अजून थोडं उतरलं की थांबेल."

पुढच्या महिन्यात आणखी पाच किलो गेले. मावशी फ्रिजला धरून काट्यावर चढल्या. त्या गेल्यावर बाईंनी वही उघडून मागची पानं वाचली. लिहिलेलं सगळं त्यांचं स्वतःचं होतं. मावशी दर वेळी एकच सांगत आल्या होत्या: जेवण तेवढंच, दुखणं जास्त.

बाई डॉक्टरांकडे धावल्या. "यांचं वजन असं उतरायला नको होतं."

"कमाल आहे! एकदाचं कुणी बारीक झालं, तर तक्रार तुमचीच?"

तरी बाईंनी हट्टाने मोठ्या इस्पितळाची चिठ्ठी लिहवून घेतली. तिथे पोटामागे गाठ निघाली, पसरलेली. चार महिने आधी यायला हवं होतं, असं तिथले डॉक्टर म्हणाले.

बाईंनी केंद्रातल्या डॉक्टरांना सरासरीतून मावशींना वगळायला सांगितलं.

"का? उतरलंय ना वजन?" डॉक्टर सही करत म्हणाले. "तक्त्यात कारणाचा रकाना नाही."

पद राहिलं.

मावशी शेवटच्या आल्या तेव्हा काटा सहासष्ट दाखवत होता.

"बाई, तुमची नोकरी वाचली म्हणे. बरं झालं. तो फोटो काढू नका हं, त्यात मी धडधाकट दिसते."

बाईंनी वही ओढली. "काल काय खाल्लंत?"

"दोन चमचे सूप."

बाईंनी दोन चमचे लिहिले.