दोन थापा

माझी ताई इस्पितळाच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करते. पंचेचाळिशी उलटली आणि बाईसाहेबांनी ज्युजुत्सूच्या वर्गात नाव घातलं! "हे कसलं जपानी कुस्तीचं खूळ? हातपाय मोडून घेशील," मी म्हटलं. तर म्हणते, "ते मोडायला नवरा होता की. आता निदान पडायचं कसं ते तरी शिकते."

चार महिन्यांपूर्वी त्याला सोडून ती माझ्याकडे आली होती. तो रोज फाटकाशी उभा राहून सांगायचा, "फरफटत नेईन." बोललेलं करून दाखवणारा मेला!

शिकवायला एक निवृत्त कंपाउंडर होते, मूठभर देहाचे. कोणी मनगट धरलं तर हिसडायचं नाही, त्याच्या अंगठ्याच्या बाजूने वळवून सोडवायचं. आणि हात पिरगळलेल्या माणसाने जमिनीवर दोन थापा मारल्या की तत्क्षणी सोडायचं. हे मास्तरांनी इतकं घोटून घेतलं, की घरी मी टेबलावर हात आपटला तरी ताईच्या हातातला कप सुटायचा.

मंगळवारी दुपारी तिचा डबा घेऊन गेले होते, तेवढ्यात तो थेट धुलाईघरात शिरला. तिचं मनगट धरलं. "चल." ताई वळली, काय केलं देव जाणे, तो दाणकन पालथा पडला आणि त्याचा एक हात पाठीवर तिच्या पकडीत. कळवळून त्याने दुसरा फरशीवर आपटला. दोनदा.

आणि या शहाणीने सोडलं की त्याला!

उठून तो तिची वेणी धरून दाराकडे ओढू लागला. मी नुसती किंचाळत होते, पाय जागचे हलेनात. ताईने दोन्ही हातांनी त्याची मूठ आपल्याच डोक्यावर दाबून धरली आणि गर्रकन वळली. तो पुन्हा आडवा. पुन्हा थापा, चार, पाच. "चुकलो, सोड! आता नाही करणार."

"अठरा वर्षं थापाच मारतोयस," ताई म्हणाली.

त्याचा चेहरा पांढराफटक. मला वाटलं, हाड मोडतंय. "ताई, सोड गं! म्हणतोय ना चुकलो!"

तिने माझ्याकडे पाहिलं. पण त्याचा हात काही सोडला नाही.

"मागे दोनदा हेच म्हणून तूच माझी बॅग भरून मला याच्याकडे परत पाठवलंस," ती म्हणाली. "जा, रखवालदाराला बोलाव."

खरं होतं ते. मी धावत सुटले.