पाय अक्कम्माचा, प्रश्न हत्तुरे सरांचा

१९७४ साली प्रयोग चालू असताना रंगमंचावरून पडून माझी मांडी मोडली, आणि सोलापूरच्या एका दवाखान्यात मी कितीतरी दिवस पाठीवर पडून होते. ना पडदा, ना टाळ्या. वर पंखा तेवढा फिरायचा. तिथं मला हत्तुरे सर भेटले.

सर कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवत. रोग्याला त्याच्या दुखण्याबद्दल खरं सांगावं की नाही, यावर त्यांचा प्रबंध चालला होता. डॉक्टरांच्या परवानगीनं ते दुपारी वॉर्डात येत, बायकांशी बोलत बसत, जाताना माझ्या उशाशी मोसंबी ठेवत. एकदा म्हणाले, "पुस्तकं वाचून माझं उत्तर 'सांगावं' असंच येतं, बाई. पण सांगायची पाळी माझ्यावर कधी आलेली नाही."

ती आली. शेजारच्या खाटेवर मैंदर्गीची अक्कम्मा होती. साखरेच्या दुखण्यानं तिचा पाय सडला होता. कापला नाही तर जीव जाणार होता. तिला फक्त कन्नड येई, डॉक्टरांना ते येत नसे. धाकटा भाऊ सिद्धप्पा दुभाषा म्हणून मधे बोले, पण तो खरं पोचवतो असं डॉक्टरांना वाटेना. सरांना कन्नड येई, म्हणून त्यांनी सरांना मधे घातलं.

सिद्धप्पानं सरांना माझ्या खाटेपाशीच गाठलं. "सर, जखम धुनार हाय, एवढंच म्हना. पाय जानार म्हटलं तर ती कागदावर अंगठा देनार न्हाय. मरंल की वो."

भर प्रवेशात वाक्य विसरलेला नट मी पुष्कळदा पाहिला आहे. सर तसेच दिसले. मग अक्कम्माजवळ बसून त्यांनी कन्नडमध्ये विचारलं, "डॉक्टरांचं म्हणणं तुम्हाला ऐकायचंय, की भावानं ऐकलं तरी चालेल?" कन्नड मलाही कळतं.

"मला सांगा," अक्कम्मा म्हणाली. "पण आधी याला बाहेर घालवा. फार हळवा आहे."

सिद्धप्पा गेला. सरांनी सगळं सांगितलं.

"गुडघ्याच्या वर की खाली?"

"खाली."

"मग चुलीपुढं बसता येईल." तिनं अंगठा पुढं केला. शाई पुसता पुसता हळूच म्हणाली, "त्याला मात्र जखम धुणार एवढंच सांगा हं."

सरांना हसू आलं. "ते माझ्याच्यानं नाही व्हायचं, अक्का. तुम्हीच सांगा."

तिनं भावाला आत बोलावून सांगितलं. तो दारातच बसून रडू लागला.

"पाय माझा जातोय, तम्मा. तू कशाला रडतोस? जा, सरांना चहा पाज."

दोघं चहाला गेले. शस्त्रक्रिया दुसऱ्या दिवशी झाली, आणि अक्कम्मा माझ्याआधी घरी गेली.